गंजाचे बोट

चिंचेच्या कोळात लोखंड भिजले की एक वास सुटतो. आंबट, थंडगार, जिभेच्या मुळाशी पाणी आणणारा. आणि त्याच्या पाठीमागून हळूच दुसरा एक वास येतो, रक्तासारखा. लहानपणी ठेचलेला अंगठा तोंडात धरल्यावर जिभेला जे कळले होते, तेच इतक्या वर्षांनी नाकाला कळावे तसा. आजही कुणाच्या ओट्यावर वाटीत भिजवलेली चिंच दिसली की माझे मन आमटीकडे वळत नाही. ते तडक आत्याच्या अंगणात जाऊन बसते, जिथे एका नवरात्रात आम्ही दोघी बायका परातीत सुताराची हत्यारे भिजत घालून, उद्या त्यांचे लोणचेच घालायचे असावे अशा उत्साहाने, त्यांच्याभोवती बसलो होतो.

आत्याचे घर शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भीमा ओलांडायच्या जरा अलीकडे आहे. सिमेंटच्या खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत बाज, आणि पडवीच्या पायरीपासून थेट उसापर्यंत पसरलेले अंगण. मी शिरूरला राहते, कॉलेजात मराठी शिकवते आणि कविता लिहिते. यातली पहिली गोष्ट आत्याला मान्य आहे. दुसरी ती खपवून घेते. सातव्या माळेला तिचा फोन आला.

"ये. जुन्यातले जुने कपडे घेऊन ये," ती म्हणाली. "आन् वही-पेन नको आणू. नुसते हात आण."

"झालं काय आत्या?"

"झालं न्हाई. व्हायचं हाय. मामाची पेटी चाललीया."

मामा म्हणजे आत्याचे यजमान. ऐन तारुण्यात ते दौंडला रेल्वेच्या वसाहतीत एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली सुतारकाम शिकले आणि मग जन्मभर तेच करत राहिले: बैलगाड्या, पेरणीच्या पाभरी, चौकटी, पाळणे. पंचक्रोशीतली निम्मी दारे त्यांच्या हातची आहेत आणि ती अजून न कुरकुरता मिटतात. पण त्यांच्या मुलाने एमआयडीसीच्या रस्त्याला फर्निचरचे वर्कशॉप टाकले. तिथे प्लायवुड आले, सनमायका आला, उत्तरेकडचे कारागीर आले, आणि लाकडाला विचारण्याआधीच कापून मोकळे होणारे कटर आले. मामांनी मग एकेक गोष्ट खाली ठेवली. आधी रंधा ठेवला, मग पाराकडे जाणे सोडले, आणि शेवटी बोलणेही आवरते घेतले. दिवसभर ते पडवीतल्या बाजेवर मोबाइल छातीवर उभा धरून कुस्त्यांचे व्हिडिओ बघत आणि कोण पडला हेही कुणाला सांगत नसत.

मुलाचा एक मित्र नगर रस्त्यावर हॉटेल काढत होता. दसऱ्याला उद्घाटन. चुलीवरचे जेवण, शेणाने सारवलेली भिंत, आणि त्या भिंतीवर टांगायला जुनी हत्यारे. त्याला मामांची पेटी हवी होती. मुलगा म्हणाला, देऊ. मामांना विचारले तर व्हिडिओवरून नजर न काढता ते म्हणाले, "न्या."

"न्या म्हणाले," आत्या मला बसस्टँडवरून घरी नेताना सांगत होती. तिच्या पुढे चालण्यात इतकी घाई होती की तिचे अर्धे वाक्य मला तिच्या पाठीकडूनच ऐकू येत होते. "जेवण झाल्यावर ताट न्या म्हणत्यात ना, त्या आवाजात. मी काय अडवू शकत न्हाई व्हय? एका शब्दात अडवीन. पण मग पेटी राहील आन् माणूस तसंच पडून राहील. मला दोन्ही पायजे."

"म्हणजे?"

ती थांबली. वळली. तिचे डोळे, खोडी सुचलेल्या मुलीचे असावेत तसे, चमकत होते.

"नवमीच्या सकाळी तो हाटेलवाला गाडी घेऊन येणार. त्याच्या आत ह्यांनी नुसता एकदा रंधा हातात घ्यायला पायजे. आपल्या पायानं उठून, आपल्या हातानं. एकदा घेतला ना, मग ती पेटी कुणाच्या बापाला मिळायची न्हाई. मी वळखते त्यांना."

"आणि आपण काय करायचं?"

"आपण हत्यारं घासायची. त्यांच्या नाकासमोर."

*

पेटी सागवानी होती, लोखंडी पट्ट्यांची, माजघराच्या कोपऱ्यात ठेवलेली. तिच्या झाकणावर हळदीकुंकवाचा थर असा चढला होता की मूळ लाकूड कोणत्या रंगाचे हे सांगता येऊ नये. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. ज्याच्या घरी जे हत्यार असेल ते धुऊन, पुसून पाटावर मांडायचे, त्याला गंधफूल वाहायचे आणि पूजा झाल्यावर त्याला विश्रांती द्यायची, दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. मामांनी काम थांबवल्यापासून मात्र पेटी उघडायचे कुणाला सुचेना. पूजा तर चुकवायची नाही. तेव्हा दरवर्षी बंद पेटीचीच पूजा व्हायची. झाकणावर हळदकुंकू, झाकणावर ओल्या झेंडूचा हार, झाकणाशी नारळ फोडून त्याचे पाणी झाकणावरच शिंपडायचे. भक्तीत कुठेही कसूर नव्हती.

आम्ही ती फरफटत पडवीत आणली आणि बरोबर बाजेच्या समोर ठेवली. झाकण निघेना. आत्याने ओढले, मी ओढले, दोघींनी मिळून ओढले.

बाजेवरून आवाज आला. "निघायचं न्हाई. फुगलीया ती."

"तुमच्याच घरात राहिली," आत्या म्हणाली. "दुसरं काय शिकणार?"

बाज करकरली. आत्याने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी ओरडलेच. पुढे मला उमगले की मामांच्या तोंडून शब्द फुटला की चिमटा, अशी तिची मोजदाद चालली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी मांडी निळी झाली आणि त्या निळेपणाचा मला हर्ष होत होता.

झाकण अखेर निघाले ते एक लांबलचक कण्हणे काढून. आतून वास आला: जुन्या सागाचा, तेलकट चिंध्यांचा, उंदरांनी सोडून दिलेल्या अंधाराचा. वरच मोठा रंधा होता. लाकडी ठोकळा, त्याच्या पोटात तिरके बसवलेले पाते, पात्याला आवळून धरणारी पाचर, आणि पुढे धरायला शिंगासारखी मूठ. रंध्याच्या पाठीवर आणि पात्यावर लालभडक भुकटी साचली होती. आत्याने ती बघितली आणि तिचा ऊर भरून आला.

"अगं बाई! कुंकू आतपर्यंत गेलंय! बघ, झाकणातून पाझरलं. आपली पूजा पोचली गं पोरी!"

तिने ती भुकटी करंगळीशेजारच्या बोटावर घेतली, डोळे मिटून माझ्या कपाळाला बोट लावले, स्वतःच्या कपाळाला लावले, उरलेले मंगळसूत्राच्या वाट्यांना लावले. मी वाकून नमस्कार केला. त्या क्षणी पडवीत खरोखरच काहीतरी पवित्र उतरले होते. शेजारची कोंबडीसुद्धा थबकून आमच्याकडे बघत होती.

मामांनी मोबाइल जरासा खाली केला. आमची कपाळे निरखली.

"गंज कशापायी फासलाय तोंडाला?" ते म्हणाले.

आम्ही एकमेकींकडे पाहिले. आत्याने बोट नाकाशी नेले, मग जिभेला लावले, आणि तिचा चेहरा हळूहळू, कुणी आतून दिवे मालवत जावे तसा बदलला. मग ती हसायला लागली. आत्या हसते तेव्हा आधी तिचे खांदे हसतात, मग पोट, आवाज सगळ्यात शेवटी येतो. आणि तो आला की तिला उभे राहता येत नाही. ती पेटीच्या कडेला धरून खाली बसली. मीही बसले. आम्ही कपाळावर गंज मिरवत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होतो. मध्येच जरा शांत व्हावे, तर तिचे लक्ष माझ्या कपाळाकडे जाई किंवा माझे तिच्या मंगळसूत्राकडे, आणि सगळे नव्याने सुरू होई.

हसणे ओसरल्यावर तिने झाकण उलटे करून पाहिले. मधोमध एक चीर गेली होती, केसाएवढी. त्या चिरेच्या बरोबर खाली रंध्याचे पाते.

"नारळाचं पाणी," ती म्हणाली. "दरसाल. खोबऱ्यासकट गोडं पाणी सोडत आले मी त्याच्यावर. वरून हात जोडायचे आन् खालून गंजवायचं." ती बाजेकडे वळली. "अहो, ऐकलं का? तुमचा रंधा देवानं न्हाई, मी गंजवला. नवस करून करून."

"पाणी पाण्याचंच काम करतंय," मामा म्हणाले, आणि मला चिमटा बसला.

*

पहिला वाद चिंचेवरून झाला. माझ्या मोबाइलमध्ये परदेशातला एक माणूस पांढरे हातमोजे घालून एका पटाशीला, म्हणजे सुताराच्या छिन्नीला, इतक्या हळुवारपणे पुसत होता की आत्याने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि विचारले, "त्याला चावती का ती?" तो व्हिनेगरमध्ये भिजवत होता. आत्या म्हणाली, आंबट ते आंबट. तांब्याचा हंडा निघतो तर लोखंड का नाही निघणार? तिने बरणीतली सगळी जुनी चिंच परातीत ओतली.

चिंच लागू पडली, हे मान्य करायला हवे. पण तिचा लोखंडावर राग आहे. जरा जास्त वेळ ठेवली की ती गंजाबरोबर लोखंडाचा रंगही खाते आणि त्यावर निळसर काळी साय आणून ठेवते. पहिली पटाशी आम्ही भिजत घालून चहा प्यायला गेलो. चहाबरोबर गप्पा निघाल्या, गप्पांतून गावातल्या एका लग्नाची हकिगत निघाली, आणि परत येऊन पाहतो तर पटाशी मोराच्या मानेसारखी झाली होती. मला ती सुंदर वाटली. आत्याला नाही. तिने तिला राखेने घासून पुन्हा माणसात आणले आणि पुढच्या प्रत्येक हत्याराजवळ ती दूध तापत ठेवल्यासारखी उभी राहिली.

मग आमचा क्रम बसला. आधी नारळाच्या शेंडीने कोरडेच झाडायचे, म्हणजे सुटा गंज पडतो. मग कोळ लावायचा, बोटाने चोळायचा, हाताला खरखर लागायची थांबली की लगेच धुवायचे. धुतल्यावर एक क्षणही ओले ठेवायचे नाही. फडक्याने टिपायचे आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर मांडायचे. ऑक्टोबरचे ऊन होते, पत्रा इतका तापायचा की पाणी सळसळत उडून जाई. मग गरम लोखंडावर तेलाचा बोळा. ते तेल लोखंड कसे पिते, हे एकदा डोळ्यांनी बघावे. करडा, मुका, कोरडा पृष्ठभाग. त्यावरून बोळा फिरला की आतून एक काळोखी झळाळी वर येते, झोपेतून उठलेल्या जनावराच्या अंगावरून शिरशिरी जावी तशी. मी प्रत्येक वेळी "आहा" म्हणत होते. आत्या म्हणाली, "तुला कॉलेजात असं काय दिसत न्हाई का गं?"

दुसरा वाद झळाळीवरून झाला. आत्याला प्रत्येक गोष्ट ताटवाटीसारखी लख्ख हवी होती. तिने दगडी चुऱ्याने वाकस घासायला घेतला. वाकस म्हणजे लाकूड तासायची आडव्या पात्याची कुऱ्हाड. त्याच्या पात्यावर वर्षानुवर्षांच्या वापराने एक गुळगुळीत काळी त्वचा आली होती. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आत्या, लाल आहे तेवढं काढायचं. काळं ठेवायचं. ते काळं त्याला जपतं."

"काळं ठेवायचं?"

"हो."

"मी ठिवलंच की आजवर," आत्या बाजेकडे मान वेळावून म्हणाली. "तक्रार केली का कधी?"

बाजेवर कुस्तीचा आवाज एकदम मोठा झाला. पण मोबाइलच्या कडेवरून मामांच्या मिशीचे टोक मला दिसत होते, आणि ते हलले होते.

मुठींना मी शिरूरच्या रंगाच्या दुकानातून नेलेले जवसाचे तेल लावले. आत्याचा आग्रह करडईचा होता, कारण तिच्या मते घरात ज्याची फोडणी पडते तेच घरच्या वस्तूंनाही मानवते. शेवटी लोखंडाला करडई आणि लाकडाला जवस असा तह झाला. त्या मुठींबद्दल मला स्वतंत्रपणे लिहायला हवे. पटाशीच्या मुठीला मामांच्या तळव्याची जागा पडली होती. वाकसाच्या दांड्यावर, जिथे अंगठा टेकतो तिथे, पाण्याने झिजलेल्या नदीकाठच्या दगडासारखा एक उतार होता. मी माझा अंगठा तिथे ठेवून पाहिला. तो उतारावरून घसरला आणि माझ्या हाताला आपण किती लहान आहोत हे कळून चुकले. लाकडाने माणसाचा हात इतका पाठ केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मी डोळे मिटून एकेक मूठ चाचपत होते. तेल ओढल्यावर लाकूड गरम झाल्यासारखे वाटे, आणि त्यातून गाभुळलेल्या फळासारखा गोडसर वास येई.

"झोपलीस काय?" आत्या.

"नाही. वाचतेय."

"मग मोठ्यानं वाच. ह्यांनाबी ऐकू दे."

अष्टमीच्या दुपारी सगळी हत्यारे पत्र्यावर मांडून झाली. करवत, गिरमिट, पटाश्या, वाकस, हातोडा, कानस. राहिला रंधा. त्याची पाचर फुगून बसली होती आणि पाते निघत नव्हते. आत्याने ओढले. मी पक्कड लावली. आत्याने त्याला शिव्या दिल्या, मग समजावले, मग पुन्हा शिव्या दिल्या. बाजेवर मोबाइलचा आवाज बारीक झाला होता.

"बूड ठोका त्याचं," मामा आढ्याकडे बघत म्हणाले. "पाचर ओढायची नसती. मागनं ठोकलं की ती आपसूक येती."

ठोकले. आली. हे मामांचे त्या आठवड्यातले सगळ्यात लांब भाषण होते, आणि त्याचा चिमटाही तितकाच लांब होता.

पाते दौंडच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मामांना दिलेले होते, काम शिकून निघताना. हे मला आत्याने पाते चोळता चोळता खालच्या आवाजात सांगितले. नारळाच्या पाण्याने त्यावर खड्डे पडले होते, पण धारेच्या कडेला लोखंड अजून जिवंत होते. आम्ही ते दगडावर घासले. आत्याने थेंबथेंब पाणी सोडायचे, मी पुढेमागे करायचे. लग्न होऊन आल्यापासून मामांच्या दगडावर पाणी सोडायचे काम तिच्याकडेच होते, म्हणून तिची धार चुकत नव्हती, पाण्याची. माझी चुकत होती, लोखंडाची. संध्याकाळी ते पाते एका बाजूने दाढीच्या ब्लेडसारखे आणि दुसऱ्या बाजूने बोथट विळीसारखे झाले होते. आम्हाला ते परिपूर्ण वाटले.

मामा रात्री जेवले, हात धुतले, पत्र्यावरून उतरवून सतरंजीवर मांडलेल्या हत्यारांच्या कडेकडेने गेले आणि झोपले. एकालाही हात लावला नाही.

"लावतील," आत्या म्हणाली. पण अंथरूण घालताना तिने उशी दोनदा उलटी टाकली.

*

नवमीची सकाळ. मुलाचा फोन आला, मित्र निघालाय. आत्याने अंगणात सडा घातला, पण रांगोळी काढायला बसली नाही. तिने मागच्या दारातून कडुलिंबाची एक फळी ओढून आणली, पडवीच्या पायरीला टेकवून पक्की केली आणि रंधा माझ्या हातात दिला.

"मार."

"मी?"

"मग काय कोंबडीला सांगू? पूजा झाली की हात लावता यायचा न्हाई. आत्ताच काय ते."

मी पाते पाचरीने बसवले, जसे बसले तसे. फळीवर वाकले. लहानपणी सुट्टीत येत असे तेव्हा मामांचा रंधा फळीवरून जाताना एक आवाज होई, रेशीम फाडल्यासारखा, लांब आणि एकसंध. त्या आठवणीवर विसंबून मी रंधा ढकलला.

जे झाले त्याला आवाज म्हणणे कठीण आहे. कर्र, खट, खट, आणि मग एक किंकाळी. रंधा फळीत अडकला, मी पुढे गेले, कपाळ जवळजवळ फळीला टेकले. साल म्हणून जे निघाले ते उंदराने कुरतडल्यासारखे होते. आत्याने तोंडावर पदर धरला. मी पुन्हा ढकलला. पुन्हा किंकाळी.

आणि तेवढ्यात आत्याचे बोट माझ्या बरगडीत रुतले.

"बघ," ती ओठ न हलवता म्हणाली. "पाय बघ त्यांचे."

मामा बाजेवर पाठ करून पडले होते. मोबाइल कानाशी होता, कुस्ती जोरात चालली होती. पण चादरीबाहेर त्यांचे पाय होते, आणि माझ्या हातून रंधा किंचाळला की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा, लिंबू पिळल्यावर तोंड होते तसा, आत वळत होता.

आत्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी आयुष्यात कधी विसरणार नाही.

"वाईट कर," ती कुजबुजली. "आणखी वाईट कर गं."

मी जन्मभर वाईट ओळी खोडत आले आहे. जिथे एक अक्षर खडखडते तिथे रात्र न् रात्र बसले आहे. आणि त्या सकाळी, भीमेकाठच्या एका पडवीत, मला कुणीतरी मनसोक्त बेसूर होण्याची मुभा दिली होती. मी रंधा लाकडाच्या रेषेच्या उलट दिशेने लावला. मी तो तिरका धरला. मी तो वरखाली नाचवला. फळीतून जनावरे, दारे, गाड्यांचे ब्रेक, रागावलेल्या शिक्षिका, सगळे बाहेर पडले. अंगठा आत वळत होता, बाहेर येत होता, आत वळत होता. आत्या जमिनीवर बसून पायरीवर मूठ आपटत निःशब्द हसत होती. कोंबडी केव्हाच उसात पळाली होती.

याच गोंधळात पांढरा पिकअप अंगणात शिरला.

हॉटेलवाला तरुण होता, अदबशीर, पांढऱ्या शर्टात. "राम राम आबा. राम राम काकू," म्हणत तो सतरंजीपाशी आला आणि थबकला. त्याने वाकस उचलला, उलटा करून पाहिला. मग पटाशी. मग करवत. त्याचा चेहरा पडत चालला.

"काकू, हे काय केलं? गंज गेला की सगळा!"

"व्हय," आत्या उठत, पदर सावरत म्हणाली. "घासला."

"अहो, पण मला तो लूकच पायजे होता. गंजका लूक. कस्टमरला तेच आवडतं."

"लूक चिंचेत भिजला व्हता बाबा. गेला वाहून उसाला."

तो बिचारा चांगल्या स्वभावाचा होता, रागावला नाही. डोके खाजवून म्हणाला, "बरं, काय हरकत न्हाई. टाकीत मिठाच्या पाण्यात घालून ठेवतो, उद्यापर्यंत येईल परत. गंज आला की वरनं लॅकर मारतो, म्हंजी तो तसाच ऱ्हाईल, हालायचा न्हाई." मग त्याची नजर माझ्या हातातल्या रंध्यावर गेली आणि तो उजळला. "आन् हा तर एक नंबर हाय. हा मधोमध. पोटातून आरपार भोक पाडायचं आन् स्क्रूनं भिंतीत फिट्ट."

कुस्तीचा आवाज बंद झाला.

तापू लागलेल्या पत्र्याचे टिकटिकणे ऐकू येऊ लागले. मामा पाठ करूनच होते. हॉटेलवाला बाजेकडे गेला, वाकून नम्रपणे म्हणाला, "आबा, चालतंय ना? उचलू का मग?"



आत्याच्या चेहऱ्यावरचे हसू आता कुठेच नव्हते. तिने सतरंजीचे एक टोक बोटात गच्च धरले होते, आणि मला उमगले की तिला यापुढचे काहीच माहीत नाही. तिची युक्ती इथवरच होती. तिला "न्हाई" म्हणता येत होते, आणि ती ते गिळून उभी होती. हॉटेलवाला रिकामी पेटी उचलायला वाकला. तिने माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले.

मी रंधा फळीच्या टोकाला टेकवला, दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा भार घातला, आणि या टोकापासून त्या टोकाकडे ढकलला.

असा आवाज त्या घराने पूर्वी ऐकला नसेल. उसातून बगळे उडाले. हॉटेलवाल्याने पेटी सोडून दोन्ही हात कानांवर घेतले. रंधा फळीच्या मधोमध पाते रुतवून थांबला आणि थरथरत राहिला.

मागे बाज करकरली. कुणाचे तरी पाय जमिनीवर चपला चाचपत होते. एक सापडली, दुसरी सापडेना, मग ती न घालताच पावले आली. तंबाखूचा आणि पहाटेच्या अंघोळीच्या साबणाचा वास माझ्या खांद्याशी येऊन थांबला. फळीवर सावली पडली. एक रुंद, काळा, सुरकुतलेला हात माझ्या हातांवरून पुढे आला आणि रंध्याच्या मुठीवर, अंगठ्याच्या जागी अंगठा असा, बसला. मी मान वर केली. मामा माझ्याकडे बघत नव्हते. ते पात्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपल्याच लेकराला कुणी मारताना बघून यावा असा संताप होता. 

"सरक."